नॉर्मल सात

थबकलात ना? बोलतेय ती मीच, दाराजवळच्या ढकलगाडीवर ठेवलेली ही काळी पत्र्याची पेटी. थोड्याच वेळात मला विद्यापीठाच्या जुन्या सामानाच्या गोदामात नेणार आहेत. त्याआधी एक हकिकत सांगून मोकळी होते. म्हणायला ती माझी आहे, पण भोगली यामिनीनं, आणि तिच्याबरोबर मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एका कुटुंबानं.

माझा जन्म २००१ सालचा, कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यातला. पोटात अतिनील उजेडाच्या सहा नळ्या, त्यांच्यावर गडद काच, वर कॅमेरा, आणि पुढं डोळे टेकवून आत बघायला रबराची कड लावलेली खिडकी. बाकी मी म्हणजे नुसता अंधार. त्याच वर्षी मी मिशिगनला आले, डॉ. लिंडक्विस्ट नावाच्या बाईंच्या प्रयोगशाळेत. त्यांनी मला एका बिनखिडकीच्या खोलीत ठेवलं. खोली कसली, कपाटच ते. दार लावलं की दोन माणसं कशीबशी मावत.

माझं काम सांगते. चायना ग्रासची वडी तुम्ही पाहिली असेल. तशीच एक पारदर्शक, लिबलिबीत वडी इथली मंडळी करतात. तिला जेल म्हणतात. तिच्या एका कडेला ओळीनं बारीक खाचा असतात. एकेका खाचेत एकेका माणसाचा नमुना घालायचा आणि वडीतून वीज सोडायची. लहान तुकडे भराभर खाली सरकतात, लांब तुकडे वरच रेंगाळतात. मग ती वडी माझ्या काचेवर ठेवायची. मी उजेड सोडला की तुकडे जिथं असतील तिथं नारिंगी रेघा पेटतात.

कसले तुकडे, ते यामिनी नवख्यांना समजावून सांगायची. ऐकून ऐकून मला पाठ झालंय. आपल्या पेशीत जनुकातल्या मजकुराची एक नक्कल उतरवली जाते, तिला आरएनए म्हणतात. ती नक्कल जशीच्या तशी वापरत नाहीत. मधले भाग कापून टाकतात आणि उरलेले एकमेकांना जोडतात. हे झालं स्प्लायसिंग. आता मजा अशी, की एखादा तुकडा पोटातल्या बाळाच्या स्नायूत गाळला जातो आणि तोच तुकडा मोठ्या माणसाच्या स्नायूत राखला जातो. काय राखायचं, काय गाळायचं, हे काही प्रथिनं ठरवतात.

मायोटोनिक डिस्ट्रॉफी नावाचा एक आजार आहे. त्यात ही ठरवणारी प्रथिनंच एका जागी अडकून पडतात. मग चांगल्या मोठ्या माणसाचा स्नायू न जन्मलेल्या बाळासारखी कापाकापी करायला लागतो. आवळलेली मूठ चटकन सुटत नाही. स्नायू झिजतात, मोतीबिंदू लवकर येतो, हृदयाचे ठोके चुकतात, भूल सोसत नाही. आणि आईबापांकडून मुलांत उतरताना हा आजार बहुतेक वेळा वाढत जातो. निरोगी माणसाची वरची रेघ ठळक असते, खालची पुसट. रोग्याचं उलट. हे प्रमाण मोजायचं, ही यामिनीची पीएचडी.

यामिनी २००२ च्या ऑगस्टमध्ये आली, नागपूरच्या सायन्स कॉलेजातून एमएस्सी होऊन. आली की ती चष्मा काढून माझ्या डोक्यावर ठेवायची आणि खिडकीला डोळे लावायची. माणसं माझ्यात वाकून बघतात तेव्हा त्यांना वाटतं, आपण बघतोय, आपल्याकडं कुणी बघत नाही. त्यामुळं चेहऱ्यावर काहीच झाकलेलं नसतं. बाहेर जाऊन "इंटरेस्टिंग" म्हणणारी माणसं माझ्यासमोर रडवेली होतात. एक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी होऊन आलेला संशोधक, तर रेघ नीट आली नाही की मला शिव्या द्यायचा. यामिनीचं तसं नव्हतं. ती रेघांशी बोलायची. "हं, बोला आता," म्हणायची, आणि मी उजेड सोडायची.

रोग्यांचे नमुने इस्पितळातून येत. अडचण होती निरोगी माणसांची. धडधाकट माणूस मांडीत जाड सुई खुपसून घ्यायला कशाला तयार होईल? ओळीत रोगी पंधरा आणि निरोगी सहा, अशी अवस्था झाली होती.

तेव्हा सुमंत काका पुढं आले. हे मूळचे सांगलीचे, तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालेले, नोव्हायला राहणारे. मराठी मंडळाच्या दिवाळीत यामिनीची आणि त्यांची गाठ पडली, आणि त्यांनी आणि शुभा काकूंनी तिला घरचीच करून टाकली. सणावाराला तिला बोलावणं ठरलेलं. त्यांची एकुलती एक मुलगी ऋता अमेरिकेतच जन्मलेली, यामिनीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. नवऱ्याबरोबर, विक्रमबरोबर, जवळच राहायची. जेवताना यामिनीनं निरोग्यांचं रडगाणं गायलं तर काका म्हणाले म्हणे, "माझी मांडी घे की. सहासष्ट वर्षांचा आहे, पण ठणठणीत. उगाच देवळात दान करण्यापेक्षा हे बरं."

२००३ च्या नोव्हेंबरात यामिनी त्यांना गाडीतून घेऊन आली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सुईनं स्नायूचा कण काढला आणि मग काका लंगडत लंगडत प्रयोगशाळा बघायला आले. माझ्यासमोरही आले. "हीच का ती तुझी जादूची पेटी?" म्हणाले. डॉ. लिंडक्विस्ट त्यांचे आभार मानायला आल्या, त्यांनी हात पुढं केला. काकांनी तो धरला आणि सोडता सोडेनात. बोटं एकेक करून सुटली.

"माझा शेकहँड सासुरवाडीच्या आग्रहासारखा आहे," काका हसून म्हणाले, "लवकर सुटका नाही."

यामिनीनं ते इंग्रजीत सांगितलं आणि सगळे खळखळून हसले. आज आठवलं की माझा पत्रा थंड पडतो. मूठ चटकन न सुटणं हाच ज्यांचा अभ्यासाचा विषय, ती दोन माणसं तिथं उभी होती. दोघीही हसल्या.

काकांनी संमतीच्या अर्जावर सही केली. अर्जात एक ओळ होती: या संशोधनातून निघालेली माहिती सहभागी व्यक्तीला कळवली जाणार नाही. नमुन्यावर नाव लिहायचं नसतं, आकडा लिहायचा. यामिनीनं ट्यूबवर लिहिलं, 'नॉर्मल ७'.

२००४ च्या फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळचे अकरा वाजले असतील. यामिनी जेल घेऊन आली, चष्मा माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "हं, बोला."

मी उजेड सोडला. डावीकडं निरोगी, उजवीकडं रोगी. पहिला, दुसरा, तिसरा... वरची ठळक, खालची पुसट. सहावाही तसाच. सातवा तसा नव्हता. सातव्याच्या दोन्ही रेघा सारख्याच पेटल्या होत्या. खालची कणभर जास्तच.

यामिनीचे डोळे माझ्यापासून चार बोटांवर होते. आधी ते बारीक झाले, मग मोठे झाले, मग त्यांची उघडझापच थांबली. तिला आकड्यामागचं नाव शोधायला कपाट उघडायची गरज नव्हती. तो आकडा तिनंच घातला होता.

"चुकलंय," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलंय."

तिनं फोटोसुद्धा काढला नाही.

बुधवारी तिनं सगळं पहिल्यापासून केलं. रसायनं नवी, ट्यूबा नव्या, हातमोजे दर दहा मिनिटांनी बदलले. माझ्यावरही संशय घेतला. काच स्पिरिटनं पुसली, नळ्या तपासल्या. मलाही वाटत होतं, माझ्यातच खोट निघावी. पण सातव्याच्या दोन्ही रेघा पुन्हा तशाच पेटल्या. गुरुवारी तिनं दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाकडून तो नमुना चालवून घेतला, आकडा न सांगता, आणि जेल माझ्याकडं आणून ठेवलं. तेच.

शुक्रवारी तिनं डॉ. लिंडक्विस्टना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाईंनी खिडकीला डोळे लावले.

"हा मधेच रोगी का घातलास?" त्यांनी विचारलं.

"रोगी नाही. नॉर्मल सात आहे."

बाई बराच वेळ वर उठल्याच नाहीत. उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रबराच्या कडेचा लाल वळ उमटला होता. "तो हसरा डॉक्टर?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरून त्याच्याकडं पाहिलं. "माय गॉड. मी त्याच्या हातात हात दिला होता. वीस वर्षं या आजारावर काम करतेय मी."

"त्यांच्या मुलीला सातवा महिना चालू आहे," यामिनी म्हणाली.

बाईंनी तिला नियम समजावून सांगितला. नियम वेडा नव्हता. आमची तपासणी संशोधनाची. इस्पितळातल्या तपासणीसारखी पारखलेली नव्हे. तिच्या जोरावर कुणाला आजार सांगायचा आणि तो खोटा निघाला तर? शिवाय सही केलेला कागद होता. सांगायचं असेल तर विद्यापीठाच्या समितीची परवानगी हवी, आणि समितीची बैठक अकरा दिवसांनी. "तोवर एक शब्द नाही, यामिनी. मी आजच अर्ज पाठवते."

यामिनीनं मान हलवली. आणि म्हणाली, "उद्या तिचं डोहाळजेवण आहे. मला फोटो काढायला बोलावलंय."

तिथं काय झालं ते मला सोमवारी कळलं, यामिनीच्या तोंडून, माझ्याच खोलीत.

बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत नोव्हायच्या त्या घरात हिरव्या साड्यांची गर्दी. ऋता फुलांचे दागिने घालून मधे बसलेली. यामिनी कॅमेरा डोळ्याला लावून उभी. कॅमेऱ्याआड लपता येत होतं, एवढंच बरं होतं. पेढा की बर्फी ओळखायचा खेळ झाला. पुढं दोन झाकलेल्या वाट्या. ऋतानं एका वाटीवरचं झाकण उचललं. खाली बर्फी निघाली, मुलगी होणार म्हणून बायका ओरडल्या, कुणीतरी झाकण परत घ्यायला हात पुढं केला. ऋताच्या बोटांतून ते सुटेना.

"अगं सोड की आता!" एक मावशी हसली.

"थंडीनं बोटं आखडतात माझी," ऋता म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं तिनं अंगठा उलगडला.

यामिनीनं नेमका त्याच क्षणी फोटो काढला होता. बोट दाबलं गेलं, एवढंच तिला आठवत होतं.

मग ताटं मांडताना ती स्वयंपाकघरात शुभा काकूंना मदत करत होती. काकू आनंदात होत्या, बोलत होत्या. "काय शांत बाळ आहे म्हणून सांगू! हलतसुद्धा नाही फारसं. ऋता पोटात होती तेव्हा मला झोपू द्यायची नाही. हे आपलं गप्प. डॉक्टर म्हणाले, गर्भाभोवतीचं पाणी जरा जास्त आहे, पण काळजीचं कारण नाही. आजोबांवर गेलंय बघ, आळशी."

यामिनीच्या हातातला डाव आमटीत पडला. तिनं वाचलेलं होतं. या आजारानं ग्रासलेलं बाळ पोटात नीट गिळू शकत नाही, म्हणून पाणी साठतं. हलतही नाही. जन्मल्यावर त्याला आपला आपण श्वास घेता येत नाही.

"काय झालं गं? पोळलं का?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू."

काका बाहेर पाहुण्यांना पुरणपोळीचा आग्रह करत होते. यामिनी दोनदा त्यांच्याजवळ गेली आणि दोनदा परत फिरली. मग काहीतरी कारण सांगून निघाली. घरी जाऊन तिनं बाईंना फोन लावला. बाई दोन दिवसांच्या कॉन्फरन्सला गेल्या होत्या, फोन बंद. रविवार तसाच गेला. तिनं तीनदा काकांचा नंबर फिरवला आणि वाजायच्या आत ठेवून दिला.

हे सगळं तिनं सोमवारी सकाळी एका दमात सांगितलं. बाई ऐकत होत्या. पाण्याचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे मला शनिवारीच कळायला हवं होतं."

"मी फोन केला होता."

"माहीत आहे. तुला नाही म्हणत मी." त्यांनी दार उघडलं. "अकरा दिवस गेले खड्ड्यात."

दुपारी दोन वाजता समितीच्या अध्यक्षांची तोंडी परवानगी आली. बाईंनी यामिनीला फोन करू दिला नाही. त्या आणि इस्पितळातल्या आनुवंशिक आजारांच्या डॉक्टर, दोघींनी मिळून संध्याकाळी सुमंत काकांना फोन केला. ऋताची आणि काकांची रक्ततपासणी दुसऱ्याच दिवशी झाली. ऋताच्या बाळंतपणाचं नाव गावातल्या छोट्या इस्पितळातून काढून मोठ्या इस्पितळात घातलं गेलं, जिथं नवजात बाळांना श्वासाचं यंत्र लावायची सोय होती.

गुरुवारी काका आले. एकटेच.

यामिनी दारात उभी राहिली. काकांनीच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दाखव," म्हणाले.

जेल जपून ठेवलेलं होतं. यामिनीनं ते काचेवर ठेवलं. काका वाकले. मी उजेड सोडला.

इतकी वर्षं किती चेहरे पाहिले मी, पण तसा पाहिला नाही. डॉक्टरचा चेहरा होता तो. वाईट बातमी सांगायची सवय असलेला. तो थोडा वेळ टिकला. मग हळूहळू खालचा ओठ कापायला लागला.

"सातवा मी?"

"हो काका."

"पंचेचाळिसाव्या वर्षी मोतीबिंदू काढला माझा. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, एवढ्या लवकर कसा? मी म्हटलं, सांगलीचं ऊन." मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "यामिनी, माझी आई पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेली होती. चोपन्न साली. ऑपरेशन छान झालं. भुलीतून उठलीच नाही. मी मॅट्रिकला होतो. त्या भूल देणाऱ्या डॉक्टरला मी जन्मभर गुन्हेगार मानलं. म्हणून तर भूलतज्ज्ञ झालो. म्हटलं, माझ्या हातून असं होऊ द्यायचं नाही."

"तीस वर्षं मी प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारला. घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का? हजारो माणसांना विचारला. आणि घरी मुलगी. तिला एकदाही नाही सांगितलं, तुझी आजी भुलीत गेली म्हणून. वाटलं, कशाला उगाच."

"काका, तेव्हा आजीला हेच असेल असं नाही सांगता येत."

"नाही सांगता येत. असेल, नसेल." काकांनी डोळे पुसले. "पण तो बिचारा डॉक्टर... त्याचं नावसुद्धा आठवत नाही आता."

रक्ताचे निकाल आले. काकांचा दोष थोडा, ऋताचा पुष्कळ. तीन आठवड्यांनी, दिवस भरायच्या कितीतरी आधी, ऋताच्या कळा सुरू झाल्या. काकांनी स्वतः कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं: पूर्ण भूल द्यायची नाही. ऑपरेशन कमरेत सुई देऊन झालं. मुलगी झाली. ती रडली नाही. हातपाय कापडासारखे लोंबत होते. पण खोलीत चार माणसं आणि यंत्र तयार होतं. एकोणीस दिवस ती यंत्रावर होती. विसाव्या दिवशी नळी काढली आणि तिनं आपला श्वास आपण घेतला. छोट्या इस्पितळात ही मुलगीच काय, कदाचित आईसुद्धा वाचली नसती, असं बाई यामिनीला म्हणाल्या. मुलीचं नाव पणजीचं ठेवलं, कांचन.

यामिनी इस्पितळात जायची, काचेतून बाळ बघायची आणि यायची. ऋता तिच्याशी एक अक्षर बोलत नव्हती.

ती बोलली जूनमध्ये. बाळाला बालरोगतज्ज्ञांकडं आणलं होतं, काकू त्याला घेऊन खाली बसल्या होत्या. ऋता जिना चढून थेट वर आली. यामिनी माझी काच पुसत होती. ऋतानं दार लावलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"तू माझे फोटो काढत होतीस. प्रत्येक फोटोत मी हसतेय, यामिनी. प्रत्येक. आणि कॅमेऱ्यामागं उभं राहून तुला माहीत आहे. आय कान्ट लुक ॲट देम."

"मी दोन दिवस गप्प बसले. बसायला नको होतं."

"दोन नाही. सहा. मंगळवारपासून मोजले मी." ऋताचा आवाज चिरका झाला. "बाबांना वाटतं तू आम्हाला वाचवलंस. आईला वाटतं. मला पण माहीत आहे, ओके? रात्रंदिवस माहीत आहे मला. तरी राग येतो. काय करू?"

"येऊ दे," यामिनी म्हणाली. "मलाही माझा येतो."

नियम, समिती, अकरा दिवस, यातलं एक अक्षर तिनं उच्चारलं नाही. मी ऐकत होते. मला वाटलं होतं, सांगेल.

ऋता भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला आणखी सँपल्स लागतात ना? बाबा म्हणत होते. बाप आणि मुलगी दोघांचं मिळालं तर तुमच्या स्टडीला खूप उपयोग होईल म्हणून."

"तू द्यायलाच हवंस असं मुळीच नाही."

"मी देणार आहे. पण त्या शेजारी तुम्ही ठेवता ना, नॉर्मल म्हणून? तो कोण असतो?"

"काकांच्या जागी नवीन हवाच आहे," यामिनी म्हणाली. "मी देते."

बाईंना हे पटलं नाही. त्यांनी तिला बसवून विचारलं, वाईट निघालं तर? यामिनी म्हणाली, "तर मला कळवा. तसं लिहून द्या." बाईंनी त्यासाठी समितीकडून संमतीचा अर्जच बदलून घेतला.

ऑक्टोबरमध्ये ऋता पुन्हा आली, जेल बघायला. तीनच नमुने: काका, ऋता, यामिनी. आम्ही तिघी त्या कपाटात. यामिनीनं चष्मा काढून माझ्या डोक्यावर ठेवला, बटणावर बोट ठेवलं, आणि ते दाबेच ना. तिचा भाऊ होता नागपूरला, त्याला दोन मुलं होती. आईला पन्नाशीत मोतीबिंदू झाला होता. तोपर्यंत तिनं दीडेकशे माणसांच्या रेघा पाहिल्या होत्या, बोट कधी अडलं नव्हतं. आता तिचं कपाळ माझ्या पत्र्याला लागलं, तर घामानं ओलं.

"सरक," ऋता म्हणाली, आणि बटण तिनं दाबलं.

खिडकीला डोळे ऋताचेच होते. पहिल्या खाचेत काका, दोन्ही रेघा सारख्या. दुसरीत ती स्वतः, वरची जेमतेम, खालची धगधगणारी. एकोणतीस वर्षांच्या बाईचा स्नायू पोटातल्या बाळासारखा वाचत होता. तिसरीत यामिनी.

ऋता खूप वेळ बघत राहिली. यामिनीचा श्वास मला ऐकू येत होता.

"वरची ठळक," अखेर ऋता म्हणाली. "खालची दिसतच नाही जवळजवळ. असं दिसायला हवं असतं, नाही का?"

यामिनी मटकन खाली बसली. तिला रडू फुटलं, आणि ते रडू कसलं आहे हे कळल्याबरोबर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुटल्याचं वाटलं होतं तिला, आणि ते ऋतासमोर वाटलं होतं.

ऋता तिच्याशेजारी जमिनीवर बसली. हळूहळू, गुडघ्यावर हात टेकून. आता तिला बसताउठताना वेळ लागत होता.

"रड," ती म्हणाली. "बरं वाटू दे तुला. आपल्यात कुणाला तरी वाटू दे."

यामिनी २००७ मध्ये पीएचडी करून गेली. आता दूर पश्चिम किनाऱ्याकडं, बेलव्ह्यूजवळ कुठंतरी असते. काका गेल्या वर्षी हृदयाचे ठोके बिघडून गेले. त्यांना पेसमेकर होता, तरी. ऋता काठी घेऊन चालते. कांचन चार वर्षांची आहे, पायांत पट्टे घालून चार पावलं टाकते, बोलते थोडं, हसताना चेहरा फारसा हलत नाही; पण तिच्या आईला कळतं म्हणे, कधी हसली ते. हे सगळं ऋता बाईंना सांगत होती, गेल्या महिन्यात आली होती तेव्हा. या आजारावर अजून औषध नाही. तुकडे मोजणं मात्र चालू आहे.

माझ्या नळ्यांपैकी दोनच आता पेटतात. काचेवर ओरखडे पडलेत. माझ्या जागी संगणकाला जोडलेला कॅमेरा आलाय. त्याला खिडकी नाही. रेघा पडद्यावर येतात आणि सगळे लांब उभे राहून बघतात. ते मोजमाप माझ्यापेक्षा अचूक आहे, हे मान्य करते.

तुमच्याकडं एकच मागणं. कधी कुणी संशोधनाचा कागद तुमच्यापुढं ठेवला, तर घाईनं तळाशी सही करू नका. इथल्या अर्जावर आता दोन चौकोन असतात: काही निघालं तर मला कळवा, किंवा कळवू नका. कुठलाही भरा, दोन्ही बाजूंनी माणसं विचार करूनच भरतात, मी पाहिलंय. पण चौकोन नसेल तर विचारा, का नाही म्हणून. आणि घरी कुणी भुलीत गेलं असेल, कुणाची मूठ सुटत नसेल, तर ते मुलांना सांगून ठेवा.

गाडी ढकलणारा आला वाटतं. तुम्ही जरा बाजूला व्हा, चाक पायावरून जाईल. येते मी.